गेटवर काढून ठेवायच्या वस्तू

नव्या कार्पेटखालच्या गोंदाचा वास, कोंडून थंड केलेल्या हवेचा वास आणि तीस मुलींच्या पायमोज्यांचा वास. हे तिन्ही एकत्र आले, की माझ्या मनात अजूनही एक खोली उघडते. खडकीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत, दुसऱ्या मजल्याच्या टोकाला ती होती. पूर्वी तिथे भूगोलाचे नकाशे टांगलेले असत. मग दहा संगणक आले आणि सारे खंड, सारे महासागर गुंडाळून जिन्याखाली गेले. दारावर पाटी लागली: ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. व्हरांड्यात काळ्या बुटांच्या जोड्या रांगेने उभ्या राहत आणि आत मुली पावलांचा आवाज न करता, श्वासही जपून घेत, प्लॅस्टिकची आच्छादने उचलत. देवघरातही इतके सोवळे मी पाहिले नव्हते.

पौषातली थंडी पडली आणि आमच्या घरामागच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या, की ती खोली माझ्याकडे येतेच. यंदा ती जरा रागानेच आली. गेल्या आठवड्यात शनिवार पेठेतल्या एका सभागृहात शिक्षकांचे शिबिर होते. इंटरनेट आणि मुलांची सुरक्षितता, असा विषय. निवृत्त शिक्षिका म्हणून मलाही बोलावले होते. एका तरुण वक्त्याने फार नेटके भाषण केले आणि शेवटी म्हणाला, “माझं ऐकाल, तर मुलींच्या हातात दहावीपर्यंत फोन देऊच नका. अर्धे प्रश्न तिथंच संपतात.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या दोघी माना डोलावत होत्या. मी उभी राहिले आणि विचारले, “आणि आपल्याला काही येत नाही, हा उरलेला अर्धा प्रश्न? तो कोणाच्या हातातून काढून घ्यायचा?” सभागृहात पुणेरी शांतता पसरली, म्हणजे कोणी काही बोलले नाही, पण माझ्याविषयीचे मत प्रत्येकाने तत्क्षणी पक्के केले.

असू दे. माझ्याविषयीची मते पक्की होण्याची मला सवय आहे. ती सवय मला त्या हिवाळ्याने लावली.

नव्या शतकाची ती पहिली वर्षे. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक घरात कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी पुतण्या ‘कॉम्प्युटरमध्ये’ होता. खडकीला मात्र अजून कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळे लावत. आमच्या बहुतेक मुली दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या, क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या. संगणकाची खोली गणिताच्या देवधर सरांकडे होती. खंडेनवमीला मी यंत्रांना झेंडूची फुले वाहिली, तेव्हा ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, “बाई, हळदीकुंकू लावा, हरकत नाही. फक्त पाणी शिंपडू नका, लगेच मोक्ष मिळेल त्याला.” शाळेत टेलिफोनची लाइन एकच. आम्ही इंटरनेट जोडले, की मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, टेबलावरचा फोन मुका होई. मग त्या जिन्यातून हाक मारत, “देवधर, आपलं जग बघून झालं असेल तर मला जरा शिवाजीनगरला बोलायचंय.”

आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, चौकट आखून, सुवाच्य अक्षरात शाळेचा पासवर्ड लिहिलेला असे. त्याखाली सूचना: ‘पुसू नये’. आम्हा कोणालाही त्यात काही वावगे दिसले नाही. जे महत्त्वाचे, ते फळ्यावर लिहायचे आणि पुसायचे नाही, हेच तर आम्ही जन्मभर करत आलो होतो.

मी मराठी शिकवत असे आणि शाळेचा वार्षिकांक काढत असे. कविता हे माझे पहिले शिक्षण. ओळीत काय ठेवायचे याहून काय गाळायचे हे अवघड, हे मी मुलींना हर प्रकारे सांगे. नववीतली प्रणाली ते न सांगता जाणून होती. तिचे आईवडील भंडाऱ्याकडचे. वडील कारखान्यात, आई घरी. घरातली बोली वेगळी, शाळेतली वेगळी, आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद बोळात तिची कविता उगवली होती. त्या वर्षी तिने शाळेतून घरी जायच्या वाटेविषयीची कविता दिली. रेल्वेचे फाटक, तारा लावलेली लांब भिंत, वळणावरची चिंच आणि तिच्याखाली सव्वापाचला थोडा वेळ सापडणारे एकटेपण. ‘चिंचेखाली मी कोणाचीच नसते’ अशी एक ओळ होती. ती वाचून मी शिक्षकखोलीत चहा थंड होऊ दिला होता.

आमच्या वार्षिकांकाची एक जुनी रीत होती. प्रत्येक मुलीच्या लेखनाखाली नाव, इयत्ता, तुकडी आणि घरचा पूर्ण पत्ता छापायचा. अंक माजी विद्यार्थिनींकडे जाई, आणि त्या आवडलेल्या कवितेच्या धाकट्या कवयित्रीला कौतुकाचे पोस्टकार्ड धाडत. कित्येक मुलींच्या नावावर घरी आलेले आयुष्यातले पहिले पत्र तेच. मला ही रीत फार प्रिय होती. त्या वर्षी मला वाटले, अंक नव्या जगात न्यावा. देवधर सरांनी शाळेचे पान तयार केले होते. मी पाच संध्याकाळी बसून अंकाचे एकेक पान स्कॅन केले आणि जसेच्या तसे तिथे चढवले. यंत्राच्या काचेखालून निळसर प्रकाशाची पट्टी हळू सरकत जाई आणि मी नदीत दिवे सोडणाऱ्या बाईसारखी कृतार्थ होत असे.

आम्ही चपला बाहेर काढल्या आणि मुलींचे पत्ते आत घेऊन गेलो.

डिसेंबरात प्रणालीला आंतरदेशीय पत्र आले. ‘तुमची कविता कॉम्प्युटरवर वाचली. फार आवडली. एक रसिक.’ खाली पोस्टातल्या पेटीचा क्रमांक. तिने ते मला दाखवले. आनंदाने तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी काय केले असेल? मी म्हणाले, “अगं, उत्तर दे. आभार मानायला विसरू नये.” वर शुद्धलेखनही तपासून दिले.

दुसरे पत्र तिने मला दाखवले नाही. ती शाळेत उशिरा येऊ लागली, कारण फाटकाची वाट सोडून बाजारातून वळसा घेत होती, हे मला नंतर कळले. हजेरी घेताना तिचा ‘हजर’ बारीक झाला होता. मी समजले, परीक्षेची धास्ती. ज्या बाईला ओळीतला अर्धविराम हललेला ऐकू येतो, तिला समोरची मुलगी घाबरलेली ऐकू आली नाही. हे मी आज लिहिताना मऊ करणार नाही.

तिसरे पत्र तिच्या वडिलांच्या हाती लागले. तिच्या वेण्यांना निळ्या फिती असतात, असे त्यात लिहिले होते. सव्वापाचला चिंचेखाली मीही होतो, असे लिहिले होते. तू वाट का बदललीस, असे विचारले होते.

तिचे वडील शाळेत आले ते कारखान्यातली पाळी संपवून थेट. मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्ची दिली तरी उभे राहिले. आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपे गेले असते.

“मी भांडाले नाही आलो, बाई. पोरीचा दाखला द्या. गॅदरिंग झालं का तिले गावाकडं धाडतो, मामाकडं. दहावी तिकडंच करन.”

मी म्हणाले, “चूक माझी आहे. पत्ता मी टाकला. उत्तर द्यायलाही मीच सांगितलं.”

ते माझ्याकडे वळले. “मी बारूद भरतो. आमाले पयल्या दिवशी काम नाही शिकवत. पयल्या दिवशी दरवाजा दाखवते. काही झालं त निघाचं कुठून. तुमी पोरीले आत जाचं शिकवलं. निघाचं शिकवलं का?”

 अलंकार, वृत्ते, रसव्यवस्था असे सगळे शिकलेल्या बाईला त्या साध्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. ते दरवाजापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “गॅदरिंगपर्यंत थांबतो.” एवढीच मुदत.

पोलीस चौकीत देवधर सर त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या माणसाने तक्रार लिहून घेण्याआधी विचारले, मुलीला कविता करायची गरज काय. सर नेहमीच्या कोरड्या सुरात म्हणाले, “तीच तर आम्हाला शोधायची आहे. तुम्ही तोवर माणूस शोधा.” पोस्टातली पेटी खोट्या नावाने घेतलेली निघाली आणि माणूस कधीच सापडला नाही. पण त्या दिवसापासून कारखान्यातले पाळी संपलेले दोन-दोन कामगार सव्वापाचला चिंचेखाली बिडी ओढत बसू लागले. पत्रे थांबली.

शाळेने मात्र आपल्या पद्धतीने उपाय केला. संगणकाची खोली बंद. दहा आच्छादने, एक कुलूप, किल्ली मोठ्या बाईंच्या कपाटात. ‘विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी’ अशी वहीत नोंद. शिक्षकांच्या बैठकीत सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मी उभी राहिले.

“पत्ता मी छापला, उत्तर मी लिहायला लावलं, पासवर्ड आपण फळ्यावर लिहिला,” मी म्हणाले. “यात मुलींनी काय केलं? कोंडायचं तर मला कोंडा.”

मोठ्या बाई कागदांवरून नजर न हलवता म्हणाल्या, “तुम्हाला कोंडून शाळेला काय उपयोग?”

“त्या खोलीत कोंडा. रोज साडेपाच ते सात. मला आणि ज्यांना यायचं असेल त्यांना. आम्हाला येईल तेव्हा मुलींना उघडा.”

“आणि नाही आलं तर?”

“तर दाखला दोन जणींचा काढा. तिचा आणि माझा.”

मोठ्या बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. दिली नाही, नुसती ठेवली. मी उचलली.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पाच जण होतो. फळ्यावरची चौकट देवधर सरांनी ओल्या फडक्याने पुसली; ‘पुसू नये’ हे शब्द शेवटी गेले. मग शाळेच्या पानावरून आम्ही अंक उतरवला. चढवताना पाच संध्याकाळी लागल्या होत्या, उतरवायला पाऊण तास पुरला, आणि तरीही सर म्हणाले, “आपल्याकडून गेलं. कोणी उतरवून घेतलं असेल त्याच्याकडून गेलेलं नाही. हे लिहून ठेवा, बाई.” मी लिहून ठेवले. बाहेर गारठा होता, जिन्यात कोणीतरी तिखटमीठ लावलेला पेरू खाऊन गेल्याचा वास होता, आणि मैदानावर ध्वनिक्षेपक तपासणारा एकच आकडा पुन्हा पुन्हा मोजत होता.

आम्ही एकमेकांवरच प्रयोग केले. दोन यंत्रे, दोन टोके. सर अनोळखी माणूस होऊन लिहीत आणि आमच्यापैकी एकीने उत्तरे द्यायची. शिवणाच्या बाई ठामपणे म्हणाल्या, “माझ्याकडून कोणी काही काढून घेऊ शकणार नाही. मी सासरी बत्तीस वर्षं काढलीत.” सरांनी विचारले, भरतकामाचे वर्ग घेता का? बाईंनी सहा वाक्यांत यजमानांचे नाव, सोसायटीचे नाव, सून नोकरी करते ही माहिती आणि दुपारी बारा ते चार घरात कोणी नसते हे सगळे लिहून दिले. वर ‘अवश्य यावे’. आम्ही खूप हसलो. मग हसू थांबले आणि त्या हळूच म्हणाल्या, “इतकं गोड विचारलंत, नाही कसं म्हणणार?”

ते वाक्य मला रात्रभर पुरले. कोणी गोड विचारले तर नाही म्हणायचे नसते, हे आम्हा बायकांना कोणत्या इयत्तेत शिकवले होते? आणि तेच आम्ही पुढे किती मुलींना शिकवले? मोठ्यांनी विचारले की पूर्ण उत्तर द्यावे, पूर्ण वाक्यात द्यावे. मी तर अपूर्ण उत्तराचे गुण कापत आले होते. कवितेच्या तासाला मात्र मी उलट सांगत होते, की सगळे सांगू नकोस, तुझे काही तुझ्यापाशी राहू दे. कवी स्वतःला उघडे करतो असे लोक म्हणतात. खोटे आहे ते. कवी निवडतो. चिंचेखाली ती कोणाचीच नसते हे प्रणालीने निवडून सांगितले होते. तिच्या क्वार्टरचा क्रमांक मी सांगितला होता, तिला न विचारता.

आठव्या की नवव्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई परातीत ज्वारी निवडत होती. वडिलांना म्हणाले, “तुम्ही शिकवायला या.”

“मी?” ते हसले नाहीत, पण मिशी हलली. “मी चौथी पास आहो, बाई.”

“कारखान्यात पहिल्या दिवशी काय सांगतात, तेवढंच सांगा. बाकी आम्ही शिकतो आहोत.”

स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी, सुटीच्या वारी, ते आले. धुतलेला पांढरा सदरा, तेल लावलेले केस. दारावरची पाटी वाचून बूट काढले आणि मुलींच्या रांगेत नीट लावले. नववीच्या तीस मुली, पाच शिक्षक, दारात मोठ्या बाई. प्रणाली शेवटच्या यंत्रापाशी, मान खाली.

“आमच्या गेटवर,” ते म्हणाले, “काडेपेटी काढून ठेवा लागते. बिडी ठेवा लागते. खिसे झटकून दाखवा लागते. साहेब असो का मजूर असो. आतमधी बारूद वाईट आहे म्हणून नाही. बारूद बारूदच आहे. आपल्या खिशात काय आहे ते मालूम पाहिजे.” त्यांनी सदऱ्याचा खिसा झटकून दाखवला. “आन् चोवीस वर्षांत कोणी आमाले म्हटलं नाही, का घाबरता त घरी बसा. म्हटलं, शिका अन् या.”

शेवटचे वाक्य जणू त्यांनी स्वतःच प्रथम ऐकले. मग आपल्या मुलीकडे पाहिले आणि पटकन दुसरीकडे नजर वळवली.

मी फळ्यावर गेट काढले. माझी चित्रकला तेव्हाही बेताचीच. मुलींना विचारले, या खोलीत येताना खिशातून काय काय काढून ठेवायचे? एकेक हात वर आला. पत्ता. आडनाव. शाळेचे नाव. यायची-जायची वेळ. फोटो. एकीने सांगितले, “बाई, घरी कोणी नसतं ते.” शिवणाच्या बाई खाली पाहू लागल्या. आणि शेवटच्या यंत्राकडून, कित्येक आठवड्यांनी ऐकू येईल असा आवाज आला, “आणि कोणी काही लिहिलं, तर बाईंना सांगायची भीती. ती पण गेटवर.” मी तीही फळ्यावर, गेटशेजारी लिहिली.

स्नेहसंमेलन झाले. दाखला मागायला कोणी आले नाही. मोठ्या बाईंनी किल्ली परत मागितली नाही, फक्त म्हणाल्या, “कार्पेट काढून टाका. पायमोज्यांचा वास माझ्या खोलीपर्यंत येतो.” नोंदवहीतल्या त्या ओळीवर त्यांनी स्वतः रेघ मारली.

काय जिंकलो आम्ही? तो माणूस सापडला नाही. त्याच्यासारखे आणखी होते, आज तर फार आहेत, आणि आजची यंत्रे इतकी गोड विचारतात की सरांची तालीम पोरखेळ वाटावी. तरी त्या शिबिरातल्या टाळ्या मला मान्य नाहीत. कुलूप हा कधीच मुलींच्या सुरक्षिततेचा उपाय नव्हता. तो आमच्या अज्ञानावर घातलेला पडदा होता. ज्यांना यंत्र येत नाही त्यांनी आधी शिकावे, चुकावे, चूक आपली म्हणावी आणि पुन्हा शिकावे. मुलीला घरी बसवून स्वतः निर्धास्त होण्याचा हक्क कोणत्याही शिक्षकाला नाही. मला तेव्हा नव्हता, आज त्या तरुण वक्त्यालाही नाही. हे मी सभागृहात म्हणाले, इथे लिहिते आहे, आणि बोलावले तर पुन्हा म्हणेन. न बोलावताही म्हणेन.

त्या वर्षीचा माघ सरत आला होता. एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार शाळेत आला; मुली संगणक शिकतात म्हणून पहिल्या पानावर फोटो येणार होता. मोठ्या बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, “प्रणालीला पुढे बसवा. चेहरा बोलका आहे.”

मी तिच्यापाशी गेले. वीस वर्षे मुलींना मी बस, ऊठ, वाच, लिही असेच सांगत आले होते. त्या दिवशी विचारले.

“प्रणाली, पेपरात फोटो येणार आहे. पुढे बसायला चालेल तुला?”

तिने कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. “नाव पण छापणार?”

“हो.”

“शाळेचं?”

“तेही.”

छायाचित्रकार लाघवी माणूस होता. “अगं, अख्खं पुणं बघेल तुला. आई-बाबा किती खूश होतील.”

खोटे कशाला बोलू? मला तिचा होकार हवा होता. सगळे पुन्हा नीट झाले आहे याची ती छापील पावती ठरली असती, आणि ती शाळेहून अधिक मलाच हवी होती. तिने कॅमेऱ्याकडे पाहिले, दारातल्या मोठ्या बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. एवढ्या मोठ्या माणसांनी एवढ्या गोडीने विचारल्यावर आमच्या शाळेतली मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरते आणि ‘बाई सांगतील तसं’ म्हणते. प्रणालीची मान वर होती. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, भीती नव्हती, माफी नव्हती. माझ्या डोळ्यांत पाहत ती म्हणाली,

“नाही.”